अणुवीज केंद्रासाठी गेलेल्या स्टडबद्दल शंका आहे. कोणाला आणि कसं कळवावं?

रॉकवेल_सी

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ.

मी सोलापुरात एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात क्वालिटीला आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. कुणी ओळखलंच तर कृपया इथं लिहू नका. आमच्याकडं बार कापणं, टर्निंग आणि थ्रेड रोलिंग (दाबून आटे पाडणं) होतं. हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतो.

सात महिन्यांपूर्वी आमच्याकडून एम24 चे बी7 स्टड गेले, 340 नग. (स्टड म्हणजे डोकं नसलेला, आट्यांचा बोल्ट; बी7 हा त्याच्या पोलादाचा दर्जा.) ऑर्डर आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाची, पण क्यूएपीच्या (गुणवत्ता तपासणीच्या आराखड्याच्या) पहिल्याच पानावर माल अणुवीज केंद्रासाठी आहे असं लिहिलेलं होतं. थर्ड पार्टी इन्स्पेक्शन झालं, टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) गेला, पैसेही आले.

मागच्या आठवड्यात ऑडिटसाठी फायली लावत होतो. त्या लॉटचे ब्लँक भट्टीत दोन चार्जमध्ये, म्हणजे दोन खेपांत, झाले होते. टेम्परिंग म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणं. पहिल्या चार्जच्या टेम्परिंगच्या तापमान चार्टवर एका जागी खड्डा आहे, त्या दिवशी दहाएक मिनिटं लाइट गेली होती. दुसऱ्या चार्जचा चार्ट तीन दिवसांनंतरचा. त्यावरही त्याच जागी तसाच खड्डा. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. रेघ रेघेवर बसली. तारीख तेवढी वेगळी.

दुसऱ्या चार्जचे 11 नग जादा म्हणून कपाटात राहिले होते. त्यातले 5 रॉकवेलवर (कठीणपणा मोजायच्या यंत्रावर) लावले: 38, 39, 37.5, 39, 38. बी7 ला कमाल 35 चालतं. टीसीवर 30 लिहिलंय, कारण टेस्ट पीस पहिल्या चार्जचा होता.

मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "कडक आहे म्हणजे मजबूतच आहे ना? ताण जास्तच घेईल. माल पास झालाय, आता उकरू नकोस." मालक वाईट माणूस नाही. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला त्यांनी न मागता पैसे दिले होते. म्हणूनच झोप लागत नाही.

माल खराब आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नुसत्या शंकेवर कळवायचं असतं का? आणि कोणाला?

---

होटगी_रोड_लेथ

आधी घरचं तपासा. रॉकवेलच्या स्टँडर्ड ब्लॉकवर (आधीच माहीत असलेल्या कठीणपणाच्या तुकड्यावर) रीडिंग घेतलंत का? आणि नग कुठं लावलात? थ्रेडच्या टोकावर किंवा गोल अंगावर लावला असेल तर ते रीडिंग धरू नका. टोकापासून निदान एक व्यासाइतकं आत कापायचं, तोंड सपाट घासायचं, कापताना पाणी सोडायचं, आणि मध्य ते कड यांच्या अर्ध्यावर टोचायचं. कटिंग व्हीलनं तापवलात तर आकडाच बदलतो.

---

पत्र्या_मारुती

धातूत काय काय मिसळलंय ते दाखवणारी पीएमआय गन भाड्यानं मिळते. पाच मिनिटांत निकाल.

---

होटगी_रोड_लेथ

पीएमआयचा इथं उपयोग नाही, दादा. गन क्रोमियम, मॉलिब्डेनम दाखवेल आणि ते बरोबरच असणार, बार तोच आहे. भट्टीत काय झालं हे गनला कळत नाही. कार्बनसुद्धा ती नेहमीची एक्सरे गन मोजत नाही.

---

निवृत्त_क्यूए

मी अणुवीज केंद्रात गुणवत्ता आश्वासनाच्या कामात नोकरी करून निवृत्त झालो. आता जुळे सोलापुरात असतो. तुमचा धागा काल रात्री वाचला आणि सकाळी उठून आधी हेच लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, मालकांच्या प्रश्नाची. बी7 साठी टेम्परिंग किमान 593 अंश सेल्सिअसवर लागतं. त्याहून थंड भट्टीत काढलं तर पोलाद कडक राहतं, टेन्साइल (ओढून तोडायला लागणारा ताण) छान येतं, आणि टेन्साइल पाहणाऱ्याला माल उत्तमच वाटतो. आपण सोलापूरकरांना हे भट्टीपेक्षा भाकरीवरून लवकर कळेल. मऊ भाकरी दुमडते. कडक भाकरी दुमडायला गेलात की कट्कन मोडते. स्टडला आयुष्यभर ताणात राहायचं असतं. त्यात दमट हवा, गळतीचं पाणी, कुणीतरी लावलेलं चुकीचं वंगण. कडक पोलाद अशा जागी आतून हळूहळू तडकतं आणि एक दिवस काहीही सूचना न देता तुटतं. कमाल 35 ही मर्यादा त्यासाठीच आहे.

दुसरी गोष्ट, तुमच्या मूळ प्रश्नाची. होय, शंकेवरच कळवायचं असतं. अमेरिकेचं उदाहरण देतो, कारण तिथं हे फार नीट लिहून ठेवलंय. त्यांच्या अणु नियामक आयोगाच्या नियमांत भाग 21 आहे, 1974 च्या कायद्याच्या कलम 206 वरून आलेला. त्यात 'डेव्हिएशन' वेगळं आणि 'डिफेक्ट' वेगळं. मागितलं त्याहून वेगळं निघालं की ते डेव्हिएशन. त्यातून मोठा सुरक्षा धोका उभा राहू शकतो असं ठरलं की डिफेक्ट. ठरवायला 60 दिवस. तेवढ्यात होत नसेल तर अंतरिम अहवाल द्यायचा. डिफेक्ट ठरला की 5 कामाच्या दिवसांत कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्यापर्यंत, तिथून 2 दिवसांत आयोगाला पहिली खबर आणि 30 दिवसांत लेखी अहवाल.

आता तुमच्या कामाची ओळ. माल पुरवणाऱ्याकडं हे ठरवायची कुवतच नसेल, म्हणजे आपला स्टड कुठल्या पंपावर बसला हेच त्याला ठाऊक नसेल, तर त्यानं ठरवत बसायचं नाही. तसं लक्षात आल्यापासून 5 कामाच्या दिवसांत गिऱ्हाइकाला कळवायचं, पुढचं ते ठरवतील. आणि कलम 206 कामाच्या जागी भिंतीवर लावायचं, म्हणजे लेथवरच्या माणसालाही वाचता येईल.

हा नियम तुमच्या ऑर्डरला लागू नाही. पण त्यामागचा विचार मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. तुम्ही 39 हा आकडा पाहिलात. त्याचा अर्थ काय हे फक्त केंद्रातला माणूस सांगू शकतो, आणि त्याला तो आकडाच माहीत नाही.

---

नई_जिंदगी_चौक

सगळं बरोबर, पण कारखान्यात किती माणसं आहेत? तीस-चाळीस घरं असतील. ऑर्डर गेली, ब्लॅकलिस्ट झालं, तर त्यांनी कुठं जायचं? गिरण्या बंद पडल्या तेव्हा माझे वडील चाळीत कसे बसून असायचे ते मी पाहिलंय. सात महिने काही झालं नाही. जिथं इतकी तपासणी होते तिथं एका स्टडनं काय होणार? एक तुटला तरी बाजूचे सात आहेत. पंप बंद पडला तर दुसरा पंप आहे. मी भांडायला लिहीत नाही, मनापासून विचारतोय.

---

रॉकवेल_सी

@होटगी_रोड_लेथ, तुम्ही सांगितलं तसं परत केलं. ब्लॉकवर रीडिंग बरोबर येतं. तीन नग आत कापून, पाणी सोडून, अर्ध्या त्रिज्येवर टोचले. 38, 38.5, 39. माझी चूक असती तर बरं झालं असतं.

अजून एक सांगायचं राहिलं. रोलिंग मशीनवर आमचे अण्णा आहेत, वीस वर्षं तेच काम. त्या लॉटच्या वेळी ते म्हणाले होते, "सर, हा बार हाताला वेगळा लागतोय, डाय खातोय." एक डाय सेट नेहमीच्या निम्म्या नगांत गेला होता. मी डायचा दोष समजून नवीन सेट काढून दिला. रजिस्टरमध्ये तारीख आहे. दुसऱ्या चार्जचीच.

@नई_जिंदगी_चौक, 34 माणसं आहेत. मी त्यांतलाच एक.

---

निवृत्त_क्यूए

अण्णांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. डाय सेटच्या नोंदीचा फोटो काढा.

चौकातल्या मित्राचा प्रश्न टाळून चालणार नाही. दुसरा पंप असतोच. पण एकाच लॉटचे स्टड दोन्ही पंपांवर बसले असतील तर? मग दुसरा पंप हा दुसरा राहतच नाही. आमच्या भाषेत याला सामायिक कारणानं होणारा बिघाड म्हणतात, आणि अणुकेंद्रात सर्वांत जास्त भीती याचीच.

31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशात नरोराच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलपर्यंत गेली. वीजपुरवठ्याचे पर्याय कागदावर वेगवेगळे होते, पण केबल एकमेकींच्या शेजारून गेल्या होत्या. सगळ्या जळाल्या. केंद्र सुमारे 17 तास पूर्ण अंधारात होतं. ऑपरेटरांनी जिवाची बाजी लावून अणुभट्टी थंड ठेवली, किरणोत्सार बाहेर गेला नाही. तिथं केबलचा मार्ग एक होता. इथं भट्टीचा चार्ज एक आहे.

---

उमरग्याची_लेक

मी इंजिनीअर नाही, शाळेत शिकवते. सोलापुरात लग्न होऊन आले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या घरातलं कोणी गेलं नाही, पण मामाचं गाव किल्लारीच्या बाजूला. तिथल्या भिंती दोन-अडीच फूट रुंद, दगडमातीच्या. बघणाऱ्याला वाटायचं, हत्ती धडकला तरी हलणार नाही. नंतर पाहणीला आलेल्या लोकांनी सांगितलं की भिंतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवणारे आरपार दगडच घातले नव्हते. दोन वेगळ्या भिंती नुसत्या टेकून उभ्या होत्या. कैक वर्षं काही झालं नाही. मग काही सेकंदांत सगळं झालं.

"सात महिने काही झालं नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहिलं.

---

निवृत्त_क्यूए

ताई, तुम्ही नेमकं लिहिलंत. पाइपांच्या आधारांवरचे कितीतरी बोल्ट रोज जवळजवळ काहीच करत नाहीत. भूकंपाच्या त्या काही सेकंदांसाठीच ते बसवलेले असतात.

---

वकील_सात_रस्ता

कायद्याचं थोडं सांगतो, कारण इथं लोकांचे गैरसमज फार असतात.

केंद्र सरकारचा 2004 चा एक ठराव आहे, जनहितार्थ माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा. त्याला पिडपी म्हणतात. सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनीअरनं महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता, नाव गुप्त ठेवा अशी विनंती करून. नाव फुटलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर हा ठराव आला. त्याखाली तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडं बंद पाकिटातून जाते. नाव-पत्ता आतल्या पत्रात लिहायचा, पाकिटावर नाही. निनावी तक्रार घेत नाहीत.

पण तो केंद्र सरकार आणि सरकारी कंपन्यांतल्या लोकांच्या गैरव्यवहारासाठी आहे. खासगी कारखान्यानं खासगी गिऱ्हाइकाला दिलेल्या मालाची शंका त्यात बसत नाही. उद्या सरकारी बाजूच्या कुणी हे जाणूनबुजून दाबलं तर गोष्ट वेगळी. आणि जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अंमलात आणलेला नाही. त्याच्या भरवशावर कुणी पाऊल टाकू नये.

म्हणून माझा सल्ला: कंपनीनंच गिऱ्हाइकाला लिहावं. मालकांच्या सहीनं गेलेलं पत्र हे मालकांचंही संरक्षण आहे. माहीत नव्हतं ही एक गोष्ट, माहीत होऊन गप्प बसलो ही पूर्ण दुसरी. आज फाइलमध्ये दोन चार्ट आहेत आणि तुम्ही ते त्यांना दाखवले आहेत. मालकांना हे एकदा शांतपणे सांगा.

---

नई_जिंदगी_चौक

पटलं. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण मालकांच्या सहीनं जाणं हेच त्या 34 घरांसाठीही बरं, असं आता वाटतं.

---

निवृत्त_क्यूए

गिऱ्हाइकानं दाद दिली नाही तर केंद्राच्या गुणवत्ता विभागाला लिहा. त्याही पुढं एईआरबी आहे, अणुऊर्जा नियामक मंडळ, 1983 पासून. मुंबईत अणुशक्तीनगरला नियामक भवन आहे. पण पायरी चुकवू नका. माल कुठल्या स्टोअरमध्ये कुठल्या रॅकवर आहे हे गिऱ्हाइकाच्या कागदांतूनच सर्वांत लवकर सापडतं, आणि इथं वेळ महत्त्वाचा.

घाबरू नका म्हणून अजून एक. असं जगात इतरत्रही घडलेलं आहे. अमेरिकेत 1980 च्या दशकात खोट्या दर्जाचे बोल्ट सुळसुळले होते. ग्रेड 8 च्या नावावर 8.2 विकत. तो बोरॉन घातलेल्या पोलादाचा, साध्या तापमानाला तितकाच ताकदवान, पण तापला की ढिला पडणारा. 1987 मध्ये तिथल्या आयोगानं सगळ्या अणुकेंद्रांना भांडारातले बोल्ट-नट काढून प्रयोगशाळेत तपासायला लावले. 1990 मध्ये फक्त फास्टनरच्या दर्जासाठी वेगळा कायदाच केला. दक्षिण कोरियात 2012 च्या नोव्हेंबरमध्ये सुट्या भागांचे खोटे दाखले उघड झाले आणि दोन अणुभट्ट्या भाग बदलेपर्यंत बंद ठेवाव्या लागल्या. भाग प्रत्यक्षात वाईट होते की चांगले, हा प्रश्न तेव्हा दुय्यम ठरला. दाखल्यावर विश्वास नाही म्हणजे भागावर नाही.

---

रॉकवेल_सी

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मालकांपाशी बसलो. वकीलसाहेबांचं म्हणणं सांगितलं, आणि दोन्ही चार्ट ट्यूबलाइटवर धरून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्र लिही. मी वाचतो." कच्चं लिहिलंय:

"आम्ही पुरवलेले एम24 बी7 स्टड, 340 नग, यांपैकी दुसऱ्या चार्जचे अंदाजे 170 नग सदोष आहेत. हीट ट्रीटमेंट करणाऱ्यानं खोटा चार्ट दिल्यामुळे हे घडलं. तरी ते नग परत पाठवावेत."

काही सुचवायचं असेल तर सांगा.

---

निवृत्त_क्यूए

मालकांना माझा नमस्कार सांगा. पत्रात तीन दुरुस्त्या.

'सदोष आहेत' काढा, 'सदोष असण्याची शंका आहे' लिहा. तुम्ही तीन-पाच नग पाहिलेत, 170 नाही.

'खोटा चार्ट' काढा. खोटा कुणी केला हे तुम्हाला माहीत नाही. जे डोळ्यांनी दिसलं ते लिहा: दोन वेगळ्या तारखांच्या चार्टांवर एकाच जागी सारखाच खड्डा आहे, प्रती सोबत जोडल्या आहेत. वाचणारा काय समजायचं ते समजेल.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. स्टडवर काय पंच केलंय? चार्ज नंबर की फक्त हीट नंबर, म्हणजे बारच्या पोलादाच्या ओतीचा नंबर?

---

रॉकवेल_सी

फक्त हीट नंबर. दोन्ही चार्जला तोच.

---

निवृत्त_क्यूए

मग 170 नाही, 340. हातात घेतलेला स्टड पहिल्या चार्जचा की दुसऱ्या, हे साइटवर कुणालाही बघून सांगता येणार नाही. आणि 'परत पाठवावेत' लिहू नका. काही बसवलेले असतील. ते काढायचे, कधी काढायचे, जागेवरच कठीणपणा मोजायचा, हे केंद्र ठरवेल. तुम्ही एवढंच मागा की स्टोअरमधले वेगळे काढून ठेवावेत आणि आमचं पत्र केंद्राच्या गुणवत्ता विभागापर्यंत पोचवून तशी पोच द्यावी. पोच नक्की मागा.

हीट नंबर, बारचा टीसी, दोन्ही चार्ट, तुमची रीडिंग, रॉकवेलचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, डाय रजिस्टरचं पान, सगळं जोडा. आणि त्याच भट्टीतून त्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाचा माल झाला असेल तर तेही बघा. तो अणुकेंद्राचा नसेल, पण कुठल्यातरी बॉयलरवर असेलच.

---

होटगी_रोड_लेथ

उरलेले नग वापरू नका. कापलेले तुकडेसुद्धा टाकू नका, प्रत्येकाला खूण करून पिशवीत ठेवा.

---

रॉकवेल_सी

उशिरा लिहितोय, माफ करा.

पत्र शुक्रवारी मालकांच्या सहीनं गेलं, ईमेलनं आणि रजिस्टर्ड पोस्टानंही. सोमवारी गिऱ्हाइकाकडून फोन आला, आवाज चढलेला होता. मालकांनी फोन स्पीकरवर ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाले, "साहेब, आम्ही कळवलंय, तुम्ही पुढं कळवा आणि पोच द्या." बुधवारी पोच आली. केंद्राच्या स्टोअरमध्ये 212 नग सापडले, ते लाल टॅग लावून वेगळे ठेवलेत. उरलेले 128 कुठं बसलेत ते शोधताहेत.

आमच्या दोन ऑर्डर सध्या थांबवल्यात. पुढं काय होईल माहीत नाही. अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी तेव्हाच बोललो होतो की," आणि पुन्हा मशीनकडं गेले. आता रोलिंगला बार वेगळा लागला तर थांबवून मला बोलवायचं, असं मालकांनी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलंय.

भट्टीवाल्याकडचा त्या महिन्याचा आमचा बाकीचा मालही काढला. अजून एका लॉटचा चार्ट संशयास्पद वाटतोय, एका साखर कारखान्याच्या कामाचा. त्यांना आज पत्र गेलं.

एक विचारायचं होतं. गिऱ्हाइकानं उरलेल्या नगांतले चार पुण्याच्या लॅबला पाठवायला सांगितलंय. मी उद्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं स्वतःच घेऊन जातोय. सील कोणी करायचं, आम्ही की लॅबनं?

---

निवृत्त_क्यूए

तुम्हीच. आज संध्याकाळी मालकांसमोर करा, दोघांच्या सह्या, प्रत्येक नगाचा नंबर, तारीख, वेळ. सील करायच्या आधी फोटो. लॅबमध्ये उघडताना समोर थांबा आणि त्यांची सही घ्या. सगळे नग नेऊ नका, राहिलेले कपाटात कुलपात ठेवा आणि किल्ली मालकांकडं द्या.

पोचलात की इथं लिहा.